जीआरई ‘ऐच्छिक’ झाली त्यामागची पार्श्वभूमी

अमेरिकेत एमएस, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण, करायला निघालेल्या मराठवाड्यातल्या मुलामुलींच्या घरी गेली काही वर्षं एक वाद हमखास रंगतो: जीआरई, म्हणजे तिथल्या पदव्युत्तर प्रवेशासाठीची परीक्षा, द्यायची की नाही? आधी गेलेला मावसभाऊ फोनवर सांगतो, ‘आता कोणी विचारत नाही, वीस हजार वाचव.’ कॉलेजातले सर म्हणतात, ‘दे बाबा, हातात काहीतरी असू दे.’ दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, कारण ही परीक्षा आज कुठे सक्तीची, कुठे ऐच्छिक आणि कुठे चक्क नको असलेली आहे. हे असं कसं झालं, ते कळायला मागची पंचवीसेक वर्षं नीट पाहावी लागतात. त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगून भागतं.

१९३६-३७ मध्ये अमेरिकेच्या पूर्वेकडच्या चार जुन्या विद्यापीठांनी एका शैक्षणिक प्रतिष्ठानाच्या मदतीनं ही परीक्षा प्रयोग म्हणून सुरू केली. पदव्युत्तर वर्गाला देशभरातून अर्ज येत होते, पण दोन कॉलेजांचे गुण शेजारी ठेवून तुलना करता येत नव्हती. सगळ्यांना एकच मोजमाप लावायचं, हा मूळ हेतू. १९४८ मध्ये ही परीक्षा नव्यानं स्थापन झालेल्या एका परीक्षा-संस्थेकडे गेली आणि १९४९ मध्ये भाषा आणि गणित या दोन भागांची, आज ओळखीची वाटेल अशी, सर्वसाधारण चाचणी आली. ते १९४८ म्हणजे मराठवाडा निजामी राजवटीतून मुक्त झाला ते वर्ष. तोवर इथल्या मुलांची उच्च शिक्षणाची वाट हैदराबादकडे जायची आणि तिथलं माध्यम उर्दू होतं. मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं १९५८ मध्ये, औरंगाबादचं सरकारी अभियांत्रिकी कॉलेज आलं १९६० मध्ये. मोजमाप तयार होतं, पण ते लावून घ्यायला इथून कोणी जाईल अशी परिस्थिती अजून आली नव्हती.

१९७७ मध्ये तर्कावर आधारलेला तिसरा भाग जोडला गेला. १९९२-९३ मध्ये परीक्षा संगणकावर आली आणि प्रत्येक उत्तरागणिक पुढच्या प्रश्नाची काठिण्यपातळी बदलू लागली. या पद्धतीत प्रश्नांचा साठा मर्यादित असतो आणि तेच प्रश्न पुन्हा पुन्हा वापरले जातात. १९९४ च्या अखेरीस एका शिकवणी कंपनीनं आपली माणसं परीक्षेला बसवून ते प्रश्न पाठ करून आणता येतात हे दाखवून दिलं, तेव्हा संगणकीय परीक्षा काही काळ आवरती घ्यावी लागली. २००२ मध्ये पूर्व आशियातल्या काही देशांत आठवणीतून लिहिलेले प्रश्न इंटरनेटवर फिरू लागले, आणि तिथे परीक्षा पुन्हा कागदावर गेली. याच वर्षी तर्काचा भाग काढून त्या जागी निबंधलेखन आलं.

मराठवाड्यातली मुलं बऱ्यापैकी संख्येनं या परीक्षेला बसू लागली ती साधारण याच काळात. १९८३ पासून महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजं निघाली, नांदेड-औरंगाबादच्या जुन्या कॉलेजांतून बाहेर पडलेल्या मुलांचे सीनियर अमेरिकेत स्थिरावले आणि वाट दिसू लागली. तयारी म्हणजे साडेतीन हजार इंग्रजी शब्दांची यादी असलेलं एक जाडजूड पुस्तक, तेही बहुधा झेरॉक्स. विरुद्धार्थी शब्द आणि शब्दांच्या जोड्या हा तेव्हाच्या भाषेच्या भागाचा कणा होता. मराठी किंवा सेमी इंग्लिशमधून आलेल्या मुलाला हा प्रकार एका अर्थी सोयीचा होता. घरात इंग्रजी पेपर येत नसला तरी यादी पाठ करता येते, आणि पाठ करण्याची शिस्त आपल्याकडे बारावीपर्यंत चांगलीच अंगात मुरलेली असते. लातूर पॅटर्ननं राज्याला जे दाखवलं, त्यात या शिस्तीचा वाटा मोठा आहे.

अडचण होती ती परीक्षेपर्यंत पोहोचण्याची. ओळखपत्र म्हणून पासपोर्टच लागायचा, आणि टपाल कार्यालयातली पासपोर्ट केंद्रं २०१७ नंतरची, म्हणजे त्याआधी त्यासाठीही बाहेरच्या शहरात जावं लागे. परीक्षेला पुणे, मुंबई किंवा हैदराबाद. नांदेडकराला हैदराबाद जवळ, बीडकराला पुणे. रात्रीच्या गाडीनं जायचं, सकाळी चार तास स्क्रीनसमोर बसायचं.

याच संदर्भात २००७ चा एक निर्णय लक्षात ठेवण्याजोगा आहे. परीक्षा पूर्णपणे बदलायची, प्रश्नागणिक बदलणारी पद्धत बंद करायची आणि जगभर ठरावीक तारखांनाच ती घ्यायची, असं जाहीर झालं होतं. एप्रिल २००७ मध्ये तो बेत रद्द केला गेला. कारण असं दिलं गेलं की एवढ्या मोजक्या तारखांना सगळ्यांना पुरतील इतकी केंद्रं उपलब्ध करून देता येणार नाहीत. केंद्रापासून चारशे किलोमीटरवर राहणाऱ्यासाठी या निर्णयाचं मोल किती, हे वेगळं सांगायला नको.

बदल आला तो ऑगस्ट २०११ मध्ये. विरुद्धार्थी शब्द आणि जोड्या गेल्या, त्या जागी उताऱ्यातल्या गाळलेल्या जागा आणि वाचनावरचे प्रश्न आले. यादी पाठ करणाऱ्याचा हातचा काढून घेतला गेला. स्क्रीनवर कॅल्क्युलेटर आला, एका विभागात मागेपुढे जाण्याची मुभा मिळाली, आणि प्रश्नाऐवजी विभाग बदलू लागला: पहिल्या विभागात चांगलं केलं तर दुसरा विभाग अवघड येतो. म्हणून सारख्याच संख्येनं उत्तरं बरोबर येऊनही दोघांचे गुण वेगळे असू शकतात. २०० ते ८०० ही पट्टी जाऊन १३० ते १७० आली.

पट्टी बदलण्यामागचं एक कारण गणितात होतं. जुन्या पद्धतीत गणितात ८०० पैकी ८०० मिळाले तरी पर्सेंटाइल (आपल्यापेक्षा कमी गुण मिळालेल्यांचं शेकडा प्रमाण) चौऱ्याण्णवच्या आसपासच यायचं, म्हणजे वरच्या टोकाला इतकी गर्दी. नव्या पट्टीनं ती थोडी पांगली, पण पुन्हा जमलीच. आज भाषेत १६० मिळाले तर पर्सेंटाइल ऐंशीच्या पुढे जातं, गणितात १६० मिळाले तर ते साठच्या आत राहतं. परीक्षा देणाऱ्यांत भारतीयांची संख्या अमेरिकनांपेक्षा जास्त झाली, त्याचाही हा परिणाम. ‘गणितात १६० पडले’ म्हणून इकडे पेढे वाटले जातात आणि तिकडे तो आकडा मध्यम समजला जातो, ही तफावत घरच्यांना समजावून सांगणं सोपं नसतं.

गणिताचा भाग सोपा असतो असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. अभ्यासक्रम दहावी-अकरावीचाच आहे हे खरं. पण एक प्रश्नप्रकार असा, की दोन राशी दिलेल्या असतात आणि कोणती मोठी तेवढंच सांगायचं असतं. क्षचा वर्ग ९ आहे. पहिली राशी क्ष, दुसरी ३. घाईत मुलगा ‘दोन्ही समान’ निवडतो. क्ष उणे तीनही असू शकतो, म्हणून ‘सांगता येत नाही’ हे उत्तर. हे गणित त्याला येत असतं. पण आपल्या शिकवणीत उत्तर काढायला शिकवतात आणि इथे उत्तर निघतच नाही हे ओळखायचं असतं. चुका होतात त्या इथे.

आता मूळ वाद. २०१५-१६ च्या सुमारास अमेरिकेतल्या खगोलशास्त्रज्ञांच्या संघटनेनं विद्यापीठांतल्या विभागांना जीआरईची अट काढण्याची शिफारस केली. २०१७ मध्ये जीवशास्त्र-वैद्यक शाखांतल्या पीएचडी विद्यार्थ्यांवरचे अभ्यास प्रसिद्ध झाले. त्यांत जीआरईचे गुण आणि पुढे प्रत्यक्षात झालेलं संशोधन यांचा फारसा संबंध आढळला नाही. त्याच्या जोडीला जुना आक्षेप होताच: अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय, गरीब घरातल्या आणि काही विषयांत स्त्री उमेदवारांचे सरासरी गुण कमी येतात, शुल्क परवडत नाही, म्हणून परीक्षाच चाळणी बनते. या अभ्यासांवर एक शास्त्रीय हरकत घेतली गेली, तीही वजनदार आहे. अभ्यास झाले ते प्रवेश मिळालेल्यांवर; ज्यांना गुणांमुळे प्रवेशच नाकारला गेला, ते त्यात नव्हते. वरच्या पट्ट्यातल्यांची आपसात तुलना केली की कुठल्याही परीक्षेचा संबंध पुसट दिसणारच.

हा वाद शांतपणे पुढे गेला असता, पण मार्च २०२० मध्ये केंद्रं बंद झाली. घरून परीक्षा देण्याची सोय आली, तरीही शेकडो विभागांनी त्या वर्षापुरती अट स्थगित केली आणि पुष्कळांनी ती परत आणलीच नाही. वर्षाला पाच लाखांच्या वर असलेली परीक्षार्थींची संख्या २०२१-२२ मध्ये साडेतीन लाखांच्या आत आली.

इथून ‘ऐच्छिक’ या शब्दाचा घोळ सुरू होतो. विभागांच्या प्रवेश-सूचनांत आज तीन प्रकारची वाक्यं सापडतात. एक, गुण आवश्यक. दोन, गुण ऐच्छिक. तीन, गुण पाठवले तरी पाहिले जाणार नाहीत. पहिल्या आणि तिसऱ्यात संदिग्ध काही नाही. दुसऱ्याचा अर्थ मात्र विभागागणिक बदलतो. कुठे तो खरोखर ‘दिले काय, न दिले काय’ असा असतो. कुठे ‘तुमच्या पदवीच्या गुणांवरून तुमची तयारी स्पष्ट होत नसेल तर पाठवा’ असं त्याच्या खालीच लिहिलेलं असतं. एकाच विद्यापीठात संगणकशास्त्राला ऐच्छिक, अर्थशास्त्राला आवश्यक आणि जीवशास्त्राला नको, असंही दिसतं. शिवाय जिथे गुण ऐच्छिक असतात तिथे चांगले गुण मिळालेलेच ते पाठवतात. त्यामुळे आलेल्या गुणांची सरासरी चढते आणि ती पाहून पुढच्या वर्षीचा मध्यम गुणांचा उमेदवार आणखी बिचकतो.

आता अट काढल्यावर प्रवेश समितीसमोर काय उरतं ते पाहू. पदवीचे गुण, कॉलेजचं नाव, शिफारसपत्रं, एसओपी (आपला उद्देश सांगणारा निबंध), प्रोजेक्ट किंवा शोधनिबंध. परभणी किंवा अंबाजोगाईच्या कॉलेजातल्या मुलीच्या बाजूनं ही यादी पुन्हा वाचावी. कॉलेजचं नाव समितीतल्या कोणी ऐकलेलं नाही. विद्यापीठाच्या परीक्षेत पेपर कडक तपासले जातात, ६६ टक्क्यांना डिस्टिंक्शन मिळतं. त्याच वेळी एखाद्या मोठ्या शहरातल्या स्वायत्त कॉलेजातली मुलगी दहापैकी नऊ ग्रेड पॉइंट दाखवते. समितीला पहिल्या मुलीचे नुसते ६८ टक्के दिसतात. डिस्टिंक्शन म्हणजे इथे काय, हे सांगायला त्या अर्जात जागा नसते. शिफारसपत्र लिहिणारे सर मनापासून लिहितात, पण परदेशातल्या कोणत्याही प्राध्यापकाशी त्यांची ओळख नसते आणि असं पत्र कसं लिहायचं हे त्यांना कोणी शिकवलेलं नसतं. शोधनिबंधासाठी लागणारी प्रयोगशाळा बहुधा नसतेच.

या मुलीच्या अर्जात एकच आकडा असा असतो, जो बोस्टनच्या किंवा मुंबईच्या उमेदवाराच्या आकड्याशेजारी जसाच्या तसा ठेवता येतो. १९३६ मध्ये परीक्षा ज्यासाठी निघाली, ते हेच. अट काढण्याचा निर्णय अमेरिकेतल्या वंचितांचा विचार करून झाला आणि त्यांच्या संदर्भात त्यामागचं कारण खरं आहे. पण निर्णय घेताना दूरच्या देशातल्या छोट्या कॉलेजचा उमेदवार कोणाच्याच नजरेसमोर नव्हता. चाळणी काढली म्हणताना दुसरी, न दिसणारी चाळणी घट्ट झाली, असं इथून पाहताना म्हणावं लागतं. वीस हजारांच्या पुढचं शुल्क आणि जादा विद्यापीठांना गुण पाठवण्याचे वेगळे पैसे हा भार लहान नाही. सोयाबीनच्या भावावर ज्या घराचं वर्ष ठरतं तिथे तर नाहीच. तरी शुल्कात सवलत मागणं आणि परीक्षाच काढून टाकणं या दोन वेगळ्या मागण्या आहेत, आणि वादात त्या एकत्र मिसळल्या गेल्या.

सप्टेंबर २०२३ मध्ये परीक्षा निम्म्यावर आली. पावणेचार तासांचे एक तास अठ्ठावन्न मिनिटं झाले. दोनपैकी एक निबंध गेला. भाषा आणि गणित यांत प्रत्येकी १२ आणि १५ प्रश्नांचे दोन विभाग राहिले आणि गुणांत न धरला जाणारा प्रायोगिक विभागही गेला. प्रश्न कमी झाले म्हणजे एकेका चुकीचं वजन वाढलं, विशेषतः पहिल्या विभागात. गुणांची मुदत मात्र पूर्वीसारखीच पाच वर्षांची आहे. त्यामुळे शेवटच्या वर्षाला असताना परीक्षा देऊन, एक-दोन वर्षं नोकरी करून मग अर्ज करणारे पुष्कळ आहेत.

बीएस्सी झालेल्यांची अडचण याहून जुनी आहे आणि जीआरईनं सुटणारी नाही. अमेरिकेतली अनेक विद्यापीठं सोळा वर्षांचं शिक्षण मागतात. आपली तीन वर्षांची पदवी धरून पंधराच भरतात, म्हणून आधी इथे एमएस्सी करा, मग अर्ज करा, अशी वाट चालत आली. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे चार वर्षांच्या ऑनर्स पदवीची सोय राज्यातल्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून सुरू झाली. त्या वर्षी प्रवेश घेऊन चौथं वर्ष पूर्ण करणारी मराठवाड्यातली पहिली तुकडी २०२८ मध्ये बाहेर पडेल, आणि रसायनशास्त्र किंवा भौतिकशास्त्राच्या विभागांना थेट अर्ज करताना कोणता विभाग गुण मागतो, कोणता घेतो आणि कोणता पाहतच नाही, हे तिला एकेका विभागाची सूचना उघडून तपासावं लागेल.