मिनिटभराची मूठ

"पाच मिनिटं थांब की गं, तास संपतच आलाय."

हे वाक्य मी वर्गात कितीतरी वेळा बोलले आहे. सोलापुरात विज्ञान शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, पचनसंस्थेची आकृती मी फळ्यावर डोळे मिटून काढू शकते, आणि तरीही हे वाक्य किती चुकीचं असू शकतं ते मला निवृत्तीनंतर कळलं. आमच्या शेजारची सहावीतली मुलगी एक दिवस शाळेतून रडतच घरी आली. गणिताच्या तासाला तिनं तीनदा बाहेर जायची परवानगी मागितली, तिसऱ्यांदा तिला जागेवर बसवलं आणि व्हायचं ते झालं. वर्ग हसला. घरी आजी म्हणाली, "लेकराची बेंबी सरकलीय, चोळून आणा." वडिलांना वाटत होतं, गणित नको म्हणून नाटकं चाललीत. आईला मात्र आठवत होतं, की महिनाभर पोरीला आव पडतेय आणि दोनदा रक्तही दिसलंय. पुढे पुण्याला नेऊन दुर्बिणीनं मोठं आतडं तपासलं, तुकडा काढून तपासणीला पाठवला आणि नाव कळलं: अल्सरेटिव्ह कोलायटिस.

आतड्यांच्या दाहरोगाला, म्हणजे आयबीडीला, दोन मुख्य फांद्या आहेत. अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरात होतो आणि बहुतेक वेळा मलाशयापासून सुरू होऊन वर सरकतो. दुसरा क्रोन्स. न्यूयॉर्कच्या बरिल क्रोन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९३२ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो आणि आतड्याच्या भिंतीत खोलवर जातो. आपल्याकडे क्रोन्सच्या निदानात आणखी एक पेच असतो: आतड्याचा क्षयरोग हुबेहूब त्याच्यासारखा दिसतो. दोन्हींचे उपचार उलट दिशेचे आहेत. एकात जंतू मारायचे, दुसऱ्यात प्रतिकारशक्तीला आवर घालायचा. म्हणून डॉक्टर निदानाला वेळ घेतात, तेव्हा आईवडिलांनी चिडू नये.

हा आजार मुलांचाही आहे. साधारण चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांत तो विशीच्या आतच सुरू होतो. तो संसर्गजन्य नाही, एकाच बाकावर बसून लागत नाही. नजर लागून, बाहेरचं खाऊन किंवा उष्णता वाढून होत नाही. जनुकं, आतड्यातले जीवाणू आणि बिथरलेली प्रतिकारशक्ती या तिघांच्या बिघडलेल्या नात्यातून तो उभा राहतो. बेंबी तर कुठेच सरकत नाही; ती एक व्रणाची खूण आहे. सुजलेलं पोट चोळल्यानं मात्र मुलाला नक्की त्रास होतो.

आता मूळ प्रश्न. त्या मुलीला पाच मिनिटं का थांबता आलं नाही?

मलाशय हा मोठ्या आतड्याचा शेवटचा, वीतभरापेक्षाही आखूड भाग. पुस्तकात त्याला आपण साठवणीची जागा म्हणून मोकळे होतो, पण तो नुसता पिंप नाही. निरोगी मलाशयाची भिंत वापरून मऊ झालेल्या सुती पिशवीसारखी असते. आत काही आलं की ती ताणली जाते, आणि मग स्वतःहून सैल पडते. प्रौढ माणसात साधारण ५० मिलिलिटर, म्हणजे जेमतेम एका कटिंग चहाएवढा मल आला की पहिली जाणीव होते. त्याच क्षणी एक प्रतिक्षिप्त क्रिया घडते: गुदद्वाराचा आतला वलयाकार स्नायू, जो अनैच्छिक आहे, किंचित सैल होतो. आलेला ऐवज थोडासा खाली उतरतो, तिथली अतिसंवेदनशील त्वचा तो वायू आहे, पातळ आहे की घट्ट, हे ओळखते आणि मेंदूला कळवते. दिवसभरात हे कितीतरी वेळा होतं आणि आपल्याला पत्ताही नसतो.

हा दरवाजा किंचित उघडतो तेव्हा गळती का होत नाही? कारण बाहेरचा वलयाकार स्नायू, जो ऐच्छिक आहे, तेवढ्यात आवळला जातो. तो मुठीसारखा आहे. आणि मूठ पूर्ण ताकदीनं किती वेळ आवळता येते? हा स्नायू सर्वशक्तीनं जेमतेम मिनिटभर टिकतो, मग थकतो. धडधाकट माणसाचंही तेच. तरी आपण मिरवणूक संपेपर्यंत, गाडी स्टेशनात लागेपर्यंत तासभर थांबू शकतो, ते या मुठीच्या जोरावर नव्हे. मूठ फक्त ती लाट ओसरेपर्यंत धरायची असते. तेवढ्यात मलाशयाची भिंत सैल पडते, आतला दाब उतरतो, मल थोडा मागे सरकतो आणि घाई निघून जाते. थांबवण्याचं खरं काम भिंत करते.

कोलायटिसमध्ये नेमकी भिंतच बिघडते. सूज आलेलं अस्तर खळ देऊन ताठ केलेल्या कापडासारखं होतं. थोडासा मल आला तरी दाब एकदम चढतो आणि उतरत नाही. मूठ आवळलेली, लाट ओसरत नाही, मिनिट संपतं. यात इच्छाशक्तीचा, शिस्तीचा, गणिताच्या आवडीचा काहीही संबंध नाही. पस्तीस मिनिटांच्या तासात त्या मुलीजवळ एक मिनिट होतं.

इथे मला २०२१ सालच्या नोबेलची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या वर्षीचं वैद्यकशास्त्राचं पारितोषिक डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन यांना विभागून मिळालं. ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं १९९७ मध्ये चेताटोकांवरचं, दारासारखी उघडझाप करणारं एक प्रथिन शोधलं, टीआरपीव्ही-१. हे मिरचीतल्या कॅप्सेसिननं उघडतं, आणि सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वर गेलेल्या उष्णतेनंही उघडतं. ४३ अंश म्हणजे काय हे मे महिन्यातल्या सोलापूरकराला सांगायला नको. हे दार उघडलं की कॅल्शियमचे आयन आत शिरतात, चेतापेशी पेटते आणि मेंदूला 'जळतंय' असा निरोप जातो. पॅटापुटियन यांनी २०१० मध्ये पिएझो नावाची प्रथिनं जाहीर केली. ती पेशीचं आवरण ताणलं गेलं की उघडतात, म्हणजे दाबाची जाणीव देतात.

ही दोन्ही दारं जिभेपुरती आणि कातडीपुरती नाहीत; आतड्यातही अशा चेता आहेत. दाह झाला की तिथे प्रोस्टाग्लँडिन, ब्रॅडिकायनिन असे पदार्थ पाझरतात आणि टीआरपीव्ही-१ ची बिजागरं सैल करतात. ४३ अंशांना उघडणारं दार मग शरीराच्या नेहमीच्या ३७ अंशांनाही उघडू शकतं. मलाशय रिकामं असलं तरी 'भरलंय, चल' असा निरोप जातच राहतो. म्हणून ही मुलं संडासात वीस-वीस मिनिटं कुंथत बसतात आणि पडते ती नुसती आव. आजी त्याला मुरडा म्हणते, आणि तो शब्द अगदी नेमका आहे.

हे कळलं की घरात काय करायचं ते बरंचसं आपोआप सुचतं. जेवण पोटात गेलं की मोठं आतडं हालचाल सुरू करतं, आणि हा जोर सकाळी सर्वांत जास्त असतो. रिक्षा सातला येणार आणि पोहे पावणेसातला, हे गणित चुकतं. न्याहारी तासभर आधी झाली तर पहिली लाट घरीच निघून जाते. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या आपल्या शहरात या मुलासाठी संडासात भरलेली बादली कायम हवी. पुण्याला तपासणीला जाताना एसटीपेक्षा रेल्वे बरी, कारण डब्यात शौचालय असतं. दप्तरात एक जादा चड्डी, ओले रुमाल आणि एक पिशवी, गाजावाजा न करता.

काही मुलं घाईच्या भीतीनं डबाच खात नाहीत. हे लगेच ओळखायला हवं. दाहातून सुटणारी रसायनं आधीच यकृताला वाढीच्या संप्रेरकाचं ऐकू देत नाहीत. त्यात उपास पडले तर उंची अडते, वयात येणं लांबतं. मिरचीनं हा आजार होत नाही, पण आजार उसळलेला असताना शेंगाचटणीची आग टीआरपीव्ही-१ ला नक्की पोचते; तेवढे दिवस दहीभात, मऊ भाकरी-वरण चालेल. क्रोन्समध्ये आतडं अरुंद झालेलं असेल तर हुरडा, मक्याची कणसं, अख्खे शेंगदाणे अडकू शकतात. तिथे डॉक्टरांना विचारूनच. मुलांच्या क्रोन्समध्ये एक विलक्षण उपचार आहे: सहा ते आठ आठवडे दुसरं काहीही न खाता फक्त विशिष्ट द्रवआहार. अनेक मुलांत त्यानं स्टिरॉइडशिवाय दाह शमतो. कोलायटिसमध्ये मात्र तो उपयोगी पडत नाही, म्हणून ऐकीव माहितीवर सुरू करू नये.

आणि ते 'इम्युनिटी बूस्टर'चे डबे. ज्या आजारात प्रतिकारशक्तीच आपल्या आतड्यावर उलटली आहे, तिथे ती वाढवण्याचं औषध विकणाऱ्याला आजार कळलेला नाही, किंवा कळून फरक पडत नाही. या नादात घरी स्टिरॉइड एकदम बंद करतात, हे जीवघेणं ठरू शकतं. बाहेरून स्टिरॉइड मिळत असल्यानं शरीरानं स्वतःचं कॉर्टिसोल, म्हणजे त्याच जातीचं नैसर्गिक संप्रेरक, बनवणं तोवर कमी केलेलं असतं. जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्याही मनानं देऊ नयेत. पोट फुगलं, ताप चढला, रक्त थांबेना, तर रात्र आहे म्हणून थांबू नका.

त्या मुलीसाठी आम्ही शाळेत गेलो. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली, मी फळ्यावर मलाशय काढून दाखवलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. तिला दाराजवळचा बाक मिळाला आणि एक पिवळं कार्ड: ते बाकावर ठेवायचं आणि उठून जायचं, विचारायचं नाही. पहिल्या आठवड्यात कार्ड रोज तीन-चारदा बाकावर आलं. औषधानं दाह उतरू लागला तसं ते कमी झालं, पण औषधाचा गुण यायच्या आधीच, दुसऱ्या आठवड्यात, थोडा फरक पडला होता. भीती वाटली की मेंदू सीआरएफ नावाचं संप्रेरक सोडतो आणि त्यानं मोठं आतडं जोरात हलतं. जाता येईल ना, ही धास्ती गेली की एक लाट कमी उठते.

परवा तिनं मला विचारलं, "मावशी, कार्ड नसताना माझं आतडं ऐकत नव्हतं, आता कसं ऐकतंय?" मी तिला सीआरएफ सांगायला घेतलं. तिनं तो शब्द वहीत लिहून घेतला, गणिताच्या वहीत, शेवटच्या पानावर.