पाण्यात बुडवली की पटाशी तयार होते का?

जुन्या कानशीपासून पटाशी करायची म्हटलं की एक सल्ला हमखास मिळतो: लालबुंद तापवा, पाण्यात बुडवा, झालं हत्यार तयार. खरं तर तेव्हा काम निम्मंच झालेलं असतं.

बुडवल्यावर पोलाद काचेसारखं कडक होतं आणि तितकंच ठिसूळही. अशा धारेचा तुकडा लाकडातल्या गाठीवर उडतो, डोळ्यातही जाऊ शकतो. म्हणून लगेच दुसरा, मंद ताव द्यावाच लागतो. पातं पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा आणि मागच्या बाजूने हळूहळू तापवा. धारेकडे रंग सरकताना दिसतात: फिकट पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा. फिकट पिवळा धारेपाशी पोचला, म्हणजे साधारण २२० अंश सेल्सिअस, की थांबा. निळा तिथवर गेला तर धार मऊ पडते. ओव्हनमध्ये २०० अंशांवर तासभर ठेवणं मला जास्त भरवशाचं वाटतं.

‘लालबुंद’ हाही अंदाजच. चुंबक चिकटेनासा झाला (सुमारे ७७० अंश) की किंचित आणखी तापवून बुडवा. पाण्यात तडे जाण्याचा धोका जास्त, तेलात कमी. साध्या लोखंडी सळईत मात्र कार्बन फार कमी असतो. ती कितीही वेळा बुडवली तरी पटाशीला हवी तेवढी कडक होत नाही.