नवा कंपाइलर जुना कोबोल ‘बिघडवतो’ का?

‘कोडची एक ओळही बदलली नाही, तरी उत्तर बदललं, म्हणजे कंपाइलरच सदोष.’ मेनफ्रेम या मोठ्या संगणकांवर कोबोल ही जुनी प्रोग्रॅमिंग भाषा चालवणाऱ्यांमध्ये, नव्या कंपाइलरबद्दल (कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम), ही समजूत जुनी आहे. बहुतेक वेळा दोष डेटाचा असतो.

झोन्ड डेसिमलमध्ये प्रत्येक अंक एका बाइटमध्ये असतो: बाइटचा पहिला अर्धा भाग ‘झोन’, दुसरा अंक. पाच अंकी अशा फील्डमध्ये १२५ ही रक्कम, हेक्समध्ये लिहिली तर, एफ०एफ०एफ१एफ२एफ५ अशी हवी. पण कुणीतरी पुढच्या शून्यांच्या जागी स्पेस (हेक्समध्ये ४०) टाकून ठेवलेल्या असतात: ४०४०एफ१एफ२एफ५. जुना कंपाइलर तुलनेआधी फील्ड पॅक करायचा. त्यात प्रत्येक बाइटचा झोन गळून फक्त अंक उरतो (शेवटच्या बाइटचा झोन चिन्ह म्हणून राहतो), त्यामुळे स्पेसचंही शून्य व्हायचं आणि तुलना जुळायची. आयबीएम एंटरप्राइझ कोबोल ५ पासूनचा ऑप्टिमायझर (कंपाइलरचा कोड वेगवान करणारा भाग), डेटा वैध आहे असं धरून, थेट बाइट ताडून पाहू शकतो. मग ‘बरोबर १२५ आहे का?’ याचं उत्तर ‘नाही’. एस०सी७ (अवैध अंकी डेटाची त्रुटी) येऊन जॉब पडला तर नशीबच म्हणायचं, निदान कळतं तरी. इथे सगळं गुपचूप होतं.

अंकांची चिन्हं कशी हाताळायची हे ठरवणाऱ्या न्यूमप्रॉक या कंपाइलर-सेटिंगचा एमआयजी पर्यायही पाचव्या आवृत्तीत गेला. झोन कसे हाताळायचे ते सांगणाऱ्या झोनडेटासारख्या पर्यायाने जुनी वागणूक बऱ्याच अंशी परत मिळते, पण वेगाची किंमत मोजून. त्यापेक्षा फाइल वाचताच ‘इफ न्यूमेरिक’ (फील्डमध्ये खरंच अंक आहेत का) तपासणी लावा आणि घाण डेटा लिहिणारा प्रोग्रॅम शोधा.