फर्माला नडलेला ६४१

४,२९,४९,६७,२९७. ही संख्या फोडायला घेतली तर सहजासहजी हाताला काही लागत नाही. शेवटचा अंक ७, म्हणून २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ५९, म्हणजे ३ नेही भाग जात नाही. ७, ११, १३ करत पुढे गेलात तरी बाकी उरतेच. आणि तपासायचे या संख्येच्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे ६५,५३६ पर्यंत; तिथवर मूळ संख्या आहेत तब्बल ६,५४२!

२ च्या ३२व्या घातात १ मिळवला की ही संख्या मिळते. फ्रान्समधला कायदेपंडित पिएर द फर्मा अशा संख्यांवर भाळला होता. २ चा घातांक १, २, ४, ८, १६ असा दुप्पट करत जायचा आणि १ मिळवायचा: ३, ५, १७, २५७, ६५,५३७. पाचही मूळ. सिद्धता हाती नाही हे मान्य करूनही, पुढच्या सगळ्या मूळच असणार अशी त्याची १६४० च्या सुमारास खात्री होती. सहावी संख्या म्हणजे आपली ४२९ कोटींची.

१७३२ मध्ये पंचविशीतल्या गणितज्ञ लिओनार्ड ऑयलरने दाखवले की तिला ६४१ ने भाग जातो, भागाकार ६७,००,४१७. तोही मूळच. या संख्येच्या कुठल्याही मूळ अवयवाला ६४ ने भागले तर बाकी १ च उरते. ही चाळणी लावली की १९३, २५७, ४४९, ५७७ आणि लगेच ६४१. पाचव्याच फटक्यात काम तमाम! गंमत म्हणजे ही चाळणी ज्या प्रमेयातून निघते, ते खुद्द फर्माचे.

भागाकार न करताही हे पटवता येते. ६४० म्हणजे ५ गुणिले २ चा ७वा घात. ६४१ ने भागताना ६४० ची बाकी उणे १ धरू. दोन्हीकडे चौथा घात केला की ६२५ गुणिले २ चा २८वा घात, आणि बाकी १. पण ६२५ हे ६४१ पेक्षा १६ ने कमी, म्हणून त्याच्या जागी उणे १६ चालेल. १६ हा २ चा ४था घात. २८ आणि ४ मिळून ३२. म्हणजे २ च्या ३२व्या घाताची बाकी उणे १. त्यात १ मिळवा, बाकी शून्य. मला हा हिशेब ऑयलरच्या शोधापेक्षाही देखणा वाटतो.

ही संख्या लबाडही आहे. मूळ संख्या ओळखायची फर्माची कसोटी अशी: पाया म्हणून एक लहान संख्या घ्यायची, तिचा तपासायच्या संख्येहून १ ने कमी इतका घात करायचा आणि तपासायच्या संख्येने भागून बाकी १ उरते का ते पाहायचे. २ हा पाया घेऊन ही कसोटी लावली, तर संयुक्त असूनही ती पास होते. ३ घेतला की मात्र पकडली जाते.

तिच्याहून २ ने लहान असलेली संख्या म्हणजे त्या पाच मूळ संख्यांचा गुणाकार. सहावीनंतर याच क्रमात आजवर एकही मूळ संख्या सापडलेली नाही. २ च्या ८,५८,९९,३४,५९२व्या घातात १ मिळवून होणारी संख्या मूळ की संयुक्त, हे अजून ठरायचे आहे.