सेल्फच नसलेली गाडी

गाडी सुरू होईना की आपण आधी कान देतो. सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर पेट्रोल नाहीतर प्लग. नुसतं ‘टक’ झालं, तर बॅटरी उतरलेली. १९९७ साली जपानमध्ये विक्रीला आलेल्या टोयोटा प्रियसच्या घराण्यातल्या हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या, गाड्यांपुढे हा तयार कान काही कामाचा नाही. त्यांच्यात वेगळा सेल्फच नसतो. मोठ्या बॅटरीवर चालणारी मोटर इंजिनला मिनिटाला साधारण हजार फेरे देते, आणि मग पेट्रोल व ठिणगी सुरू होते.

म्हणून पहिला प्रश्न असा: गाडी जागी झाली का? बटण दाबल्यावर ‘रेडी’चा दिवा लागला आणि इंजिन गप्प असलं, तर तो बिघाडच नव्हे. गरज पडेल तेव्हा ते आपोआप सुरू होईल.

‘रेडी’च येत नसेल, तर बहुतेक जण दोनशे व्होल्टच्या महागड्या बॅटरीवर संशय घेतात. मी आधी बारा व्होल्टच्या छोट्या बॅटरीला मीटर लावीन. गाडीतले संगणक तिच्यावर चालतात, आणि मोठ्या बॅटरीचा प्रवाह आत सोडणारे रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, तेही तीच ओढते. म्हणजे कोठार भरलेलं, पण कुलपाची किल्ली हरवलेली! उभ्या गाडीत मीटरवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसायला हवेत. ती उतरली की डॅशबोर्डवर भलतेसलते इशारे एकदम पेटतात आणि माणूस घाबरतो. दुसऱ्या बॅटरीला जंपर केबलने जोडलं की एवढ्यावर काम होतं, कारण इथे इंजिन फिरवायचं नसतं, फक्त संगणक उठवायचे असतात. मात्र धन-ऋण उलटं जोडलं तर मोठा खर्च ओढवतो. धक्का मारून तर ही गाडी सुरू होतच नाही.

‘रेडी’ येतं, इंजिन फिरतं, पण पकडत नाही, ही दुसरी तऱ्हा. मग जुनेच संशयित: रिकामी टाकी, मळलेला थ्रॉटल (हवेची झडप), इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा), सेन्सर. फक्त एक पथ्य पाळायचं, पुन्हा पुन्हा प्रयत्न करायचे नाहीत. प्रत्येक प्रयत्न मोठ्या बॅटरीतूनच जातो. ती रिती झाली की इंजिन फिरवायला काहीच उरत नाही, आणि तिला घरच्या चार्जरने भरताही येत नाही.

सकाळी पहिल्यांदा सुरू होताना इंजिन थडथडत असेल आणि खाली थेंबही न सांडता कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) कमी होत असेल, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या माथ्याखालची सीलपट्टी, तपासावं. ते फुटलं की रात्रभरात कूलंट सिलिंडरमध्ये झिरपतं. तिसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये हे दुखणं प्रसिद्ध आहे. प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा सोडला की ओला सिलिंडर दिसतो. त्याआधी प्लगला ठिणगी देणारी कॉइल बदलत बसणं म्हणजे पैसे पाण्यात.

स्कॅनरने ‘पी०ए८०’ हा बिघाडाचा कोड दाखवला, तर मोठ्या बॅटरीची तक्रार खरी. तरी अख्खी बॅटरी बदलण्याआधी गंजलेल्या जोडपट्ट्या आणि धुळीने तुंबलेला पंखा पाहावा. हे काम मात्र शिकलेल्या मेकॅनिकचंच. मोठ्या बॅटरीच्या नारिंगी केबलींना हात लावण्यापूर्वी तो तिचा प्रवाह तोडणारा सर्व्हिस प्लग काढतो, तरीही लगेच काम सुरू करत नाही. कपॅसिटरमधला विजेचा साठा ओसरेपर्यंत दहा मिनिटं थांबतो, आणि रबरी हातमोज्यांनिशी मीटर लावून व्होल्टेज उतरल्याची खात्री करतो.