पाळत संपते तिथून कंड्या सुरू होतात: 'ऑर्वेल'च्या दुसऱ्या गेमवरच्या नाराजीमागची गोष्ट

'ऑर्वेल: इग्नरन्स इज स्ट्रेंग्थ' हा सरकारी पाळतीवरचा कॉम्प्युटर गेम खेळलेल्या माणसांकडून दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. पहिली सरळ आहे. गेम फार लवकर आटोपतो. आधीच्या गेमला पाच एपिसोड होते, याला तीनच. दुसरी तक्रार मात्र नीट शब्दांत पकडता येत नाही. यातली माणसं जवळची वाटली नाहीत, असं कुणी म्हणतं. पहिल्यात तपास केल्यासारखं वाटत होतं, यात नुसती चिखलफेक केल्यासारखं वाटलं, असं कुणी म्हणतं. आणि गेम संपल्यावर अंगाला काहीतरी चिकटून राहिल्याची भावना तर बऱ्याच जणांची आहे. माझीही होती.

या दुसऱ्या तक्रारीच्या मागे पुष्कळ काही आहे, आणि ते एका गेमपुरतं नाही.

आधी पहिल्या गेमबद्दल. जर्मनीतल्या हॅम्बुर्गमधल्या ऑस्मॉटिक स्टुडिओज या छोट्या चमूने केलेला 'ऑर्वेल: कीपिंग ॲन आय ऑन यू' २० ऑक्टोबर २०१६ पासून आठवड्याला एक एपिसोड असा आला. 'द नेशन' नावाचा काल्पनिक देश, बॉन्टन ही त्याची राजधानी, सत्तेवर 'द पार्टी'. सुरक्षेच्या नावाखाली एक कायदा झालेला आहे आणि त्याच्या आधाराने 'ऑर्वेल' ही गुप्त यंत्रणा उभी राहिली आहे. खेळाडू हा तिचा तपासनीस, तोही देशाबाहेरचा. राजधानीतल्या फ्रीडम प्लाझावर स्फोट होतो. त्याच्या थोडंच आधी निळ्या केसांची एक तरुणी चौकातल्या कॅमेऱ्यात दिसलेली असते. तिचं नाव कॅसँड्रा वॉटरगेट.

तिथून पुढे खेळाडूचं काम एकच, वाचत राहणं. बातम्या, प्रोफाइल, खासगी चॅट, फोनवरचं बोलणं, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमधल्या फाइली. वाचता वाचता काही वाक्यं ठळक होतात. गेममध्ये त्यांना 'डेटाचंक' म्हणतात. त्यातलं जे उचलून यंत्रणेत टाकाल तेवढंच साइम्स नावाच्या सल्लागाराला दिसतं. जे टाकलं नाही ते त्याच्या लेखी नाहीच. आणि एकदा टाकलेलं परत घेता येत नाही.

कॅसँड्राला एका निदर्शनात पोलिसावर हात उगारल्याच्या आरोपावरून पकडलेलं असतं. एकीकडे ती नोंद, दुसरीकडे तिचं स्वतःचं म्हणणं. दोन्ही खरं धरता येत नाही, एक निवडावं लागतं. मी बराच वेळ माउस हातात धरून बसलो होतो. समोर घड्याळ नव्हतं, कुणी घाई करत नव्हतं. एका मुलीबद्दल मी खरं काय मानायचं, एवढाच प्रश्न होता. पहिल्या गेमवर लोकांनी जीव लावला तो या थांबण्यामुळे. चोरून वाचत असलो तरी वाचता वाचता माणूस ओळखीचा होत जातो, आणि ओळखीच्या माणसाला वाचवावंसं वाटतंच. पाळत ठेवणाऱ्याच्या खुर्चीत बसूनही आपण चांगले राहू शकतो, ही आशा तो गेम शेवटपर्यंत जिवंत ठेवतो.

या गेमला अशी माती कुठून मिळाली ते सांगायला फार मागे जावं लागत नाही. जून २०१३ मध्ये अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेनने तिची कागदपत्रं पत्रकारांच्या हाती दिली. 'प्रिझम' हे तिच्या पाळतीच्या कार्यक्रमाचं नाव घरोघरी गेलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीच्या चॅन्सेलर अँगेला मर्केल यांचा मोबाइलही अमेरिकेच्या निशाण्यावर असल्याची बातमी फुटली, आणि जर्मनीत या विषयाला वेगळीच धार आली. गेमच्या जगातही तेव्हा खुर्ची फिरली होती. ऑगस्ट २०१३ मध्ये लुकास पोपचा 'पेपर्स, प्लीज' आला. त्यात खेळाडू एका हुकूमशाही देशाच्या सीमेवरचा साधा कारकून असतो, पासपोर्टवर शिक्के मारणारा. २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून 'रेप्लिका' आला, त्यात दुसऱ्याचा मोबाइल उघडून त्याला दहशतवादी ठरवायचं असतं. त्याच वर्षी रशियातून 'बिहोल्डर' आला, त्यातला इमारतीचा व्यवस्थापक भाडेकरूंच्या घरांत कॅमेरे बसवतो. शूर बंडखोराऐवजी व्यवस्थेचा नोकर होऊन खेळायचं, ही रीत या गेमांनी रुळवली. 'ऑर्वेल' याच घराण्यातला.

मग जग बदललं, आणि फार झपाट्याने. पहिल्या गेमचे एपिसोड अजून येत होते तेव्हाच, ८ नोव्हेंबर २०१६ ला, अमेरिकेची निवडणूक झाली. ऑक्सफर्डच्या शब्दकोशाने त्या वर्षीचा शब्द निवडला 'पोस्ट-ट्रुथ', म्हणजे सत्याची पर्वा उरली नाही असा काळ. पुढच्या वर्षी कॉलिन्स शब्दकोशाने निवडला 'फेक न्यूज'.

एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. जॉर्ज ऑर्वेलची '१९८४' ही १९४९ सालची कादंबरी या काळात दोनदा एकाएकी खपाच्या यादीत वर चढली. पहिल्यांदा जून २०१३ मध्ये, स्नोडेननंतर. दुसऱ्यांदा जानेवारी २०१७ मध्ये, व्हाइट हाउसच्या सल्लागार केलीअॅन कॉन्वे 'पर्यायी तथ्यं' असा शब्द टीव्हीवर बोलून गेल्या तेव्हा. पुस्तक एकच, पण लोकांनी ते दोन वेगवेगळ्या भीतींपोटी विकत घेतलं. २०१३ मध्ये त्यातला भिंतीवरचा पडदा आठवला, जो आपल्याला सतत बघत असतो. २०१७ मध्ये आठवलं ते सत्य मंत्रालय, जिथे कादंबरीचा नायक जुन्या वर्तमानपत्रांतल्या बातम्या बदलण्याची नोकरी करतो.

पहिल्या गेमने पडदा घेतला होता, दुसऱ्याने मंत्रालय घेतलं. नावच त्या कादंबरीतल्या घोषणेवरून आहे: अज्ञान हीच शक्ती.

हा दुसरा गेम २२ फेब्रुवारी २०१८ ला सुरू झाला आणि दोन-दोन आठवड्यांनी त्याचे पुढचे एपिसोड आले. त्यांची नावं थीसिस, अँटीथीसिस, सिंथेसिस. कथा पहिल्या गेमच्याच काळात घडते, पण खेळाडू आता 'द ऑफिस' या गुप्त खात्यात असतो. वरची अधिकारी अँपलफोर्ड. लक्ष्य आहे राबान वार्ट, शेजारच्या पार्जेस देशातून आलेला आणि 'द पीपल्स व्हॉइस' नावाने सरकारविरुद्ध लिहिणारा माणूस. त्याची बायको कॅरन, भाऊ इल्या. यात घड्याळ आहे. प्रत्येक कृतीने वेळ सरकतो, उशीर झाला की काही दारं बंद होतात. आणि शेवटाकडे हाती येतो 'इन्फ्लुएन्सर'. आतापर्यंत गोळा केलेली माहिती जुळवायची, तिला हवं ते वळण द्यायचं आणि लोकांत सोडायची. मराठीत याला नेमका शब्द आहे: कंड्या पिकवणं.

खेळाडू बिथरले ते इथे. पहिल्या गेममध्ये वाचणं हे समजून घेण्यासाठी होतं, निदान तसं स्वतःला सांगता येत होतं. इथे प्रत्येक ओळ वाचताना हिशेब एकच, ही कुणाविरुद्ध वापरता येईल. भावाभावातला जुना सल, नवरा-बायकोतली दरी, सगळं कच्चा माल. त्यात राबान हा काही कॅसँड्रा नाही. तो भडक लिहितो, अर्धवट माहितीवर मोठे दावे करतो, स्वतः खोटंही बोलतो. त्याच्या बाजूने उभं राहावं तर पाय घसरतो, विरुद्ध जावं तर खात्याचे हात आपले होतात. प्रेम करण्याजोगं कुणी ठेवलं नाही, ही खेळाडूंची तक्रार खरीच आहे.

त्यातून काहींनी असा निष्कर्ष काढला की स्टुडिओ विषय सोडून भरकटला, पाळतीचा गेम राहिला बाजूला आणि हा खोट्या बातम्यांचा गेम झाला. हे मात्र मला पटत नाही. माहिती गोळा करणं आणि ती माणसाला मोडण्यासाठी वापरणं ही दोन कामं इतिहासात एकाच कचेरीत, बहुतेक वेळा एकाच टेबलावर झालेली आहेत.

पूर्व जर्मनीच्या 'श्टाझी' या गुप्त पोलिसांचं उदाहरण घ्या. १९८९ मध्ये त्यांच्याकडे सुमारे ९१ हजार पगारी माणसं होती आणि जवळपास १ लाख ८९ हजार खबरे. मागे राहिलेल्या दप्तराची लांबी मोजली तर ती भरली १११ किलोमीटर. हे आकडे ऐकले की डोळ्यांसमोर येतो कान लावून बसलेला माणूस. पण जानेवारी १९७६ मध्ये या खात्याचा प्रमुख एरिक मिल्के याने 'निर्देश १/७६' काढला. त्यात 'त्सेरझेत्सुंग' नावाची पद्धत रीतसर लिहून दिली होती. शब्दाचा अर्थ कुजवणं, आतून विघटन करणं. विरोधकाला अटक केली तर जगात बोभाटा होतो. त्यापेक्षा त्याची अब्रू घालवा, नोकरीत अपयश येईल असं बघा, मित्रांत संशय पेरा. आणि अब्रू कशी घालवायची? खरी, तपासता येणारी माहिती आणि खोटी पण पटण्याजोगी, खोडून काढता न येणारी माहिती एकमेकींत गुंफून.

हे वाक्य वाचल्यावर मी 'इन्फ्लुएन्सर'ची खिडकी पुन्हा उघडून पाहिली. तिच्यात तेच आहे.

लेखक युर्गेन फुक्स यांना तुरुंगात ठेवून १९७७ मध्ये पश्चिम बर्लिनमध्ये हाकलण्यात आलं, तरी श्टाझीने पाठ सोडली नाही. न मागवलेल्या वस्तू दारात येऊन पडत, रात्री-अपरात्री फोन वाजत. यातलं एकही काम घरची माहिती असल्याशिवाय होत नाही. पाळत ठेवणाऱ्यांना घराचा पत्ता, झोपेची वेळ आणि दुखरी जागा ठाऊक असते, म्हणून पुढचं सगळं जमतं.

आणि हे फक्त बर्लिनच्या भिंतीपलीकडचं म्हणता येत नाही. अमेरिकेत एफबीआयने मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हॉटेलच्या खोल्यांत मायक्रोफोन लावले, आणि नोव्हेंबर १९६४ मध्ये त्या ध्वनिफितींसोबत एक निनावी पत्र पाठवलं. त्यात आडून सुचवलेलं होतं की त्यांनी आता आयुष्य संपवावं. ते पाकीट उघडलं त्यांच्या पत्नी कोरेटा यांनी. आधी ऐकणं, मग ऐकलेलं बायकोच्या हाती पोचवणं. राबान आणि कॅरन यांच्या घरात खेळाडूकडून जे करवून घेतलं जातं त्याला हा इतिहास आहे. गेम करणाऱ्यांनी नेमकं हेच समोर ठेवलं होतं असा माझा दावा नाही, पण त्यांच्या कथेतलं काहीही हवेतून आलेलं नाही.

कायद्याने मात्र यातलं पहिलं अंग, माहिती गोळा करणं, आधी ओळखलं. पश्चिम जर्मनीत १९८३ च्या जनगणनेविरुद्ध लोक उठले, आणि १५ डिसेंबर १९८३ ला तिथल्या घटना न्यायालयाने सांगितलं की स्वतःविषयीच्या माहितीचं काय व्हावं हे ठरवण्याचा हक्क माणसाचा आहे. आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ ला, दुसरा गेम यायच्या सहा महिने आधी, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. माहिती घेऊ नका, हे कायद्याला सांगता येतं. घेतलेल्या माहितीतून हजारो लोकांच्या मनात काय पेरलं जातं, तिथे कायदा अजून चाचपडतोच आहे.

हे पेरणं किती जवळ आलं होतं हे तारखांवरूनच दिसतं. दुसऱ्या गेमचा दुसरा एपिसोड ८ मार्च २०१८ ला आला, तिसरा २२ मार्चला. मधे १७ मार्चला केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीचं प्रकरण बाहेर आलं: फेसबुकवरच्या कोट्यवधी लोकांची माहिती गोळा करून ती राजकीय प्रचारासाठी वापरल्याचं. म्हणजे 'सिंथेसिस' खेळायला बसलेल्या माणसाने त्याच आठवड्यात वर्तमानपत्रात जवळपास तेच वाचलेलं होतं. खेळाडूंच्या अस्वस्थतेत या आठवड्याचा वाटा आहे असं मला ठामपणे वाटतं. भविष्याची धास्ती म्हणून बघायला आलेली गोष्ट कालची बातमी निघाली.

ज्याच्या नावाने हे गेम आहेत त्याच्या आयुष्यातही या खुर्च्या सरळ रांगेत नाहीत. ऑर्वेल १९०३ मध्ये बिहारमधल्या मोतिहारीत जन्मला. वडील ब्रिटिशांच्या अफू खात्यात. १९२२ पासून पाच वर्षं तो स्वतः ब्रह्मदेशात साम्राज्याचा पोलीस होता. पुढे ब्रिटिश पोलिसांच्या स्पेशल ब्रँचने त्याच्यावरच नजर ठेवली. एमआय-फाइव्ह या ब्रिटिश गुप्तचर संस्थेने ठेवलेली त्याची फाइल २००७ मध्ये खुली झाली. आणि १९४९ मध्ये, आजारपणात, त्याने ३८ माणसांची यादी परराष्ट्र खात्याच्या प्रचार विभागात काम करणाऱ्या मैत्रिणीला दिली, सरकारी लिखाणासाठी ही माणसं भरवशाची नाहीत म्हणून. मी त्याचा भक्त आहे, तरी ही यादी वाचताना वाईट वाटतं. पाळत ठेवणारा, पाळतीखालचा आणि नावं कळवणारा, तिन्ही तोच.

लांबीबद्दलची तक्रार मात्र मला पूर्ण मान्य आहे. माणसाला मोडायचं तर आधी तो पुरता कळायला हवा, आणि तीन एपिसोडांत राबान पुरता कळत नाही. घड्याळामुळे पहिल्या गेममधलं ते माउस धरून बसणंही गेलं. इन्फ्लुएन्सर हातात येतो आणि त्याचे परिणाम लोकांत पसरताना बघायला मिळेपर्यंत कथा मिटते. इथे आणखी दोन एपिसोड असते तर आज याच गेमबद्दल आपण वेगळं बोलत असतो, असं मी मनापासून मानतो.

ऑस्मॉटिकने २०२४ मध्ये 'क्लोजर द डिस्टन्स' आणला. त्यात सरकार नाही, खातं नाही. अपघातात मुलगी गमावलेलं एक छोटं गाव आहे, आणि खेळाडू त्या गेलेल्या मुलीच्या नजरेने मागे राहिलेल्यांच्या घरांत डोकावतो, त्यांच्या मनातलं ऐकतो, त्यांना हळूच एखाद्या दिशेला वळवतो. बघणं आणि वळवणं, दोन्ही तिथे पुन्हा आहेत. फरक एवढाच की ज्यांच्याकडे बघायचं ती सगळी तिची माणसं आहेत, आणि त्यांना ती सोडून जाववत नाही.