ज्वालानळी: उंच ज्योतीखाली लिहायचं काय?

पुण्यातल्या एका कॉलेजच्या विज्ञान प्रदर्शनात यंदा ज्वालानळीवरून वाजलं. ज्वालानळी म्हणजे ओळीने भोकं पाडलेली गॅसची नळी; टोकाशी सूर वाजवला की भोकांवरच्या ज्योती कुठे उंच, कुठे आखूड होतात. दीड मीटरचा ॲल्युमिनियमचा पाइप बोहरी आळीतला, स्पीकर तपकीर गल्लीतला, एका टोकाला पडदा म्हणून फुग्याचं रबर. नळी छान चालली. मार्क गेले ते मागच्या तक्त्यावर. उंच ज्योतींखाली मुलांनी ‘निस्पंद’ (तरंगात जिथे बदल होत नाही ती जागा) लिहिलं होतं. परीक्षकांनी लाल फुली मारून ‘प्रस्पंद’ (जिथे बदल सर्वांत जास्त ती जागा) केलं.

1858 मध्ये एका अमेरिकी अभ्यासकाने संगीताच्या मैफलीत गॅसच्या दिव्याची ज्योत चेलोच्या सुरांबरोबर थरथरताना टिपली. 1866 मध्ये जर्मनीत काचेच्या नळीत भुकटी पसरून आवाजाचे स्थिर तरंग (पुढे न सरकता जागच्या जागी हलणारे) दाखवले गेले. 1905 मध्ये बर्लिनच्या दोघांनी चार मीटर नळीला दर दोन सेंटिमीटरला भोक पाडून त्यात गॅस सोडला. काम दोघांचं असूनही नाव रूबेन्स या एकाचंच लागलं.

तेव्हा कोळशाचा गॅस होता, आता स्वयंपाकाचा. हवेत आवाज सेकंदाला 343 मीटर जातो, प्रोपेनमध्ये जेमतेम 250, ब्युटेनमध्ये त्याहूनही कमी. म्हणून काळी एक (सुमारे 277 हर्ट्झ) लावली की दोन उंचवट्यांत चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटरच अंतर पडतं. सूर पेटीपेक्षा मोबाइलच्या ॲपवरून दिलेला बरा; पेटीच्या सुरात वरचे स्वरही मिसळलेले असतात.

आता फुलीकडे. भोकातून गॅस दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात सुटतो. दाब जिथे जोरात खालीवर होतो, तिथे सरासरी प्रवाह घटतो आणि ज्योत आखडते. दाब जिथे हलत नाही तिथे ती उंच राहते. म्हणजे उंच ज्योत हा दाबाचा निस्पंद. पण गॅसचे कण सर्वांत जास्त हेलकावतात ते तिथेच, म्हणून विस्थापनाचा प्रस्पंदही तोच! वर्गात हे शब्द तारेवर शिकवतात, तिथे प्रश्न फक्त विस्थापनाचा, त्यामुळे ‘कशाचा निस्पंद?’ असं कोणी विचारत नाही. त्यात भुकटीच्या नळीने घोळ वाढवला. तिथे भुकटी साचते विस्थापनाच्या निस्पंदापाशी. ढीग आणि ज्योतीचा उंचवटा दिसायला सारखे, जागा मात्र उलट. माझ्या मते चूक मुलांची इतकीच, की ‘दाबाचा’ हा शब्द राहिला. त्यासाठी फुली जास्तच झाली.

शिवाय गॅसचा दाब फार उतरला आणि आवाज मोठा असला, तर चित्र उलटतं. हे घरी करून पाहू नये: नळीतली हवा पुरती बाहेर जाण्याआधी काडी ओढली तर भडका उडतो, आणि गळलेला गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो.

त्या दिवशी दुपारी सिलिंडर संपत आला. ज्योती बसल्या, मग उंचवटे सरकले. मुलांचा ‘निस्पंद’, वरची लाल फुली आणि परीक्षकांचा ‘प्रस्पंद’, तिन्ही आता आखूड ज्योतीखाली होतं.